पत्र्याखालचा गंज

‘मॅटाडोर’ या शब्दाचे मराठीत जे झाले, ते एखाद्या स्पॅनिश गृहस्थाला सांगितले तर तो कपाळाला हात लावील. त्याच्या देशात मॅटाडोर म्हणजे भर मैदानात बैलाचा प्राण घेणारा झगझगीत पोशाखातला वीर. ज्या क्रियापदापासून हा शब्द झाला त्याचा अर्थच मुळी ‘ठार मारणे’. आमच्याकडे मॅटाडोर म्हणजे शाळेची पोरे कोंबून नेणारी, लग्नात आज वऱ्हाड आणि उद्या त्याच मांडवाचे बांबू वाहणारी, घाटात धापा टाकणारी एक गरीब गाडी. तिने कोणाला मारले नाही. फार तर उशीर केला.

हे नाव आले जर्मनीहून. हॅम्बुर्गला विडाल घराण्याचा ‘टेम्पो’ नावाचा मोटारींचा कारखाना होता. त्याने १९४९ मध्ये मॅटाडोर काढली. स्वातंत्र्यलढ्यातून उद्योगात आलेल्या नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये या टेम्पोवाल्यांच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी उभी केली. आधी गोरेगावला तीनचाकी, मग पुण्याजवळ आकुर्डीचा कारखाना, आणि १९६९ पासून मॅटाडोर. शतक पालटता पालटता ही गाडी निघेनाशी झाली. २००५ मध्ये कंपनीचेही नाव बदलून फोर्स मोटर्स झाले. पण शब्द मागे राहिले. लहान मालगाडी कोणत्याही कारखान्याची असो, मराठी माणूस तिला टेम्पोच म्हणतो. आणि चौकोनी बंद डबा दिसला की एखादे आजोबा अजून ‘मॅटाडोर आली’ म्हणून जातात.

तिचा एक गुण मोठा सोयीचा होता. एंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळे, त्यामुळे तळाखालून मागच्या चाकांपर्यंत दांडा न्यावा लागत नसे, आणि मागची जमीन खाली व सपाट राही. अशा गाडीत घर मांडावेसे वाटले तर नवल नाही. पश्चिमेकडे हे काम कारखान्यांनीच केले. फोक्सवॅगनने १९५० मध्ये आपली डबेवजा गाडी काढली आणि पुढल्याच वर्षापासून वेस्टफालिया नावाचा कारखाना तिच्यात बिछाना, कपाट बसवून देऊ लागला. साठ-सत्तरच्या दशकांत असल्याच गाड्यांतून लांब केसांची गोरी पोरे इराण-अफगाणिस्तान ओलांडून थेट गोव्याच्या हणजुण्याला उतरत. आमच्याकडे फिरते घर सहसा घरीच तयार होई. मागची बाके काढायची, काढता-घालता येतील अशा फळ्या टाकायच्या, त्यांवर गाद्या. खिडक्यांना आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात पाण्याचा कॅन, डब्यात चिवडा, आणि निघायचे अष्टविनायकाला. वाटेत कुठे मुक्काम करायचा याचा विचार वाटेतच.

राईला असे एक घर एका अंगणात उभे आहे. राई म्हणजे भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा आणि मोर्वा यांच्या शेजारात लागणारे गाव. महानगरपालिकेत गेले तरी गावपण पुरते गेलेले नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला डोंगरीपलीकडे समुद्र, आणि आजूबाजूला मिठागरांची जमीन. मिठागरांचे पूर्वीचे दिवस राहिले नाहीत, पण वाऱ्यातले मीठ गेलेले नाही. लोखंडाने मुक्कामाला येऊ नये अशी ही जागा. तिथे हे गृहस्थ पस्तिशी उलटलेली मॅटाडोर बाळगून आहेत. नाव कशाला सांगू; आपण त्यांना मालकच म्हणू. नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य. गाडीचे बहुतेक काम अंगणातच स्वतःच्या हाताने करतात. जोडकामापुरता तेवढा वेल्डिंगवाला बोलावतात. सुटे भाग आता बनत नाहीत, ते कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, मोडीत निघालेल्या तिच्याच बहिणींच्या अंगावरून उतरवून आणावे लागतात. ‘काका, एवढ्या खर्चात नवी आली असती,’ असे येणारा-जाणारा म्हणतो. हा हिशेब बरोबर असेल. जुन्या गाडीच्या धुराचा हिशेबही मांडला पाहिजे, आणि तो मालकांच्या बाजूने सुटेल असे मला वाटत नाही. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच एका प्रश्नाने. मालकांनी तो विचारला नाही, त्यांच्या कामातून तो आपोआप निघाला.

गंजाला लोक चोर म्हणतात. मला तो पोटभाडेकरूसारखा वाटतो. आधी कोपऱ्यात पाठ टेकण्यापुरती जागा घेतो आणि मग घर त्याचे होते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की तो येतो. पाणी खारट असेल तर ते विजेचे अधिक चांगले वाहक बनते आणि त्याचे काम झपाट्याने चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली तो धरला की वर फोड येतो. फोड दिसला म्हणजे आजार सुरू झाला असे नव्हे. तोवर आतला पत्रा बहुधा पोखरून गेलेला असतो. दाराखालची पोकळ पायरी, चाकावरची कमान, जाजमाखालची जमीन, अशा जिथे पाणी साचते आणि नजर जात नाही त्या जागा त्याच्या आवडीच्या.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे स्क्रूड्रायव्हरने टोचत टोचत, कुजलेला पत्रा संपून चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे जायचे, तेवढा तुकडा कापून काढायचा, नवा पत्रा जोडायचा, त्याला आतून-बाहेरून रेड ऑक्साइड लावायचे आणि मग रंग. यात दोन-तीन रविवार जातात आणि भोक आरंभी दिसले होते त्याच्या चौपट मोठे निघते. दुसरा उपाय म्हणजे भोकात जाळी कोंबायची, वरून लांबी भरायची, पॉलिशपेपरने घासायची आणि रंग मारायचा. हे दुपारच्या चहापर्यंत आटोपते. पुढचे काही महिने दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात; किंबहुना लांबीवाली जरा अधिक गुळगुळीत. (दिवाळीच्या तोंडावर ओल आलेल्या भिंतीवर आपण जो रंग काढतो, त्याची आठवण इथे कोणाला झाली तर तो दोष माझा नव्हे.)

तर प्रश्न असा: जे कोणालाच दिसणार नाही, ते नीट का करावे?

प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. लिडिया देशातल्या या मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळव्याकडे फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो काय करतो? राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकनचे म्हणणे असे, की ही अंगठी सज्जनाला दिली तरी तो हेच करील. न्यायाने वागणे हे पाहणाऱ्यांच्या धाकाने चालते. मला वाटते, गाडीखाली आडवा झालेला मनुष्य हा त्या मेंढपाळाचा अगदी घरगुती अवतार आहे. दोन पाय तेवढे बाहेर दिसतात. आत हात काय करताहेत हे बायकोला कळत नाही, शेजाऱ्याला कळत नाही, आणि सरकारलाही फारसे कळत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, हे खरे. परंतु तपासणारा अधिकारी दिवे पाहील, ब्रेक पाहील, धूर पाहील. जाजम उचलून जमिनीला टोचणी लावत बसायला त्याला वेळ कुठला?

मालकांच्या अंगणात या प्रश्नाला एक उत्तर मिळते, आणि ते ब्रेकच्या कामात सर्वांत स्वच्छ दिसते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून काही काळाने ते बदलावे लागते. बदलताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाय दाबल्यावर नुसती हवा दबते. चाकाला काही कळत नाही. ही हवा काढायला दोन माणसे लागतात, एक आत पायाशी आणि एक खाली चाकाशी. मालकांच्या घरी आत त्यांची मुलगी बसे. खालून आवाज येई, ‘दाब.’ वरून उत्तर, ‘दाबलं, बाबा.’ ‘धरून ठेव.’ मग खाली पान्याचा अर्धा वेढा, तेलाची चिळकांडी, त्यात बुडबुडे. पान्याने पुन्हा बंद. ‘सोड.’ असे बुडबुडे थांबेपर्यंत, चारही चाकांना. शेवटी शेवटी मुलगी कंटाळून म्हणे, ‘झालं ना आता?’ आणि खालून उत्तर येई, ‘अजून एकदा.’

तीच मुलगी आठवड्याने त्याच गाडीत झोपून प्रवासाला जाणार असे. ‘झोपून’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. साध्या गाडीत जमिनीला भोक पडले तर चिखल उडेल. निजायच्या गाडीत गोष्ट वेगळी आहे. धुराड्याची नळी फुटलेली आणि वरची जमीन कुजलेली असेल, तर एंजिन चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खिडक्यांच्या आत पेटता ठेवलेला स्टोव्हही तोच वायू देतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जाजमाखालच्या ज्या हातभर पत्र्याकडे कोणी पाहणार नाही, त्याच्यावर गादी आहे आणि गादीवर आपली माणसे आहेत. इथे मेंढपाळाची अंगठी निरुपयोगी होते, कारण जिच्यापासून लपायचे ती व्यक्ती त्याच पत्र्यावर निजलेली आहे. नव्या गाड्यांत एंजिनाचे झाकण उघडले तरी पुष्कळशा गोष्टी सीलबंद असतात. तिथे आपण सीलवर विश्वास ठेवतो आणि काही बिघडले तर दोष द्यायला कोणीतरी लांबचा असतो. घरी बांधलेल्या ब्रेकांना लांबचा कोणी नसतो.

उत्तर गोड आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. आपल्या मुलीसाठी नीट काम करणे यात न्याय किती आणि माया किती? मांजरीही पिलांना सुरक्षित जागी नेते. ग्लॉकन हसून म्हणेल, ‘तुमचा मालक प्रामाणिक नाही, तो बाप आहे. त्याला गाडी परक्याला विकू द्या, मग पाहू.’

आणि मालकांना गाडी विकायचीच आहे. गुडघे गाडीखाली शिरू देत नाहीत, मुलगी पुण्याला स्थायिक झाली.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यात या प्रसंगाचा जणू आगाऊच विचार करून ठेवला आहे. सतराव्या कलमात लबाडी म्हणजे काय हे सांगताना कायद्याने घोड्याचे उदाहरण घेतले. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही लबाडी नव्हे, असे कायदा म्हणतो. लगेच दुसरे उदाहरण: घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी आहे. आता मात्र नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कायद्याच्या कोरड्या पानांत इतकी बोलकी जागा मी क्वचितच पाहिली आहे. घोडा तोच, त्याचा दोष तोच. तो मुलीला पाडील तसाच परक्यालाही पाडील. बदलले ते एवढेच, की पडणारे माणूस आपण मोजतो की नाही. कायद्याला मी दोष देत नाही. सगळ्या बाजाराला बापाच्या मायेने वागवायचे म्हटले तर कोर्टांना दिवस पुरणार नाही. परंतु सांगण्यासारखे काही आहे हे तर दुसऱ्या उदाहरणाने त्याने कबूलच केले. शिवाय त्याच कलमात माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर झाकणे ही लबाडीच धरली आहे. म्हणजे गप्प बसणे एक वेळ चालेल, पण भोकात जाळी भरून वर रंग मारणे हे गप्प बसणे नव्हे. लांबी बोलते. ‘इथे पत्रा आहे’ असे ती स्पष्ट सांगते.

दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने आपल्या कर्तव्यावरील ग्रंथात हाच वाद मांडला आहे: घरातले दोष विकणाऱ्यालाच ठाऊक आहेत, ते त्याने सांगावेत का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे वाटसरूला चुकीच्या रस्त्यावर जाऊ देणे. दुसरा म्हणतो, ‘सदोष घर विकणे आहे’ अशी दवंडी पिटणारा विक्रेता कोणी पाहिला आहे काय? सिसेरो पहिल्याच्या बाजूचा. पण दुसऱ्याचा टोमणा अजून बोथट झालेला नाही. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्याच बाजारावर एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ मध्ये तो नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही; म्हणून घेणारा प्रत्येक गाडी वाईटच समजून भाव पाडतो; मग चांगल्या गाडीचा मालक एवढ्या भावात विकायला कशाला येईल? बाजारात उरतात त्या लांबी भरलेल्या. म्हणजे दोष सांगणारा दोनदा मार खातो. एकदा सर्वांबरोबर संशयाचा आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या तोंडाने. प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचा ठरतो असे मुलांच्या पुस्तकांत लिहितात. माझ्या मते ते लिहू नये. पुष्कळदा तो ठरत नाही, आणि मोठे झाल्यावर मुलांना ते कळले की ती आपल्या बाकीच्या शिकवणीवरही विश्वास ठेवीत नाहीत.

मग परक्याला सांगावे ते का? याचे उत्तर मला प्लेटोपेक्षा खारजमिनीत बरे सापडते. खाडीकाठच्या शेताला आणि मिठागराला बांध घालून भरतीचे पाणी थोपवावे लागते. बांधात खेकडे बिळे करतात. बीळ बाहेरून मुठीएवढे, आत किती खोल ते पाहिल्याशिवाय कळत नाही. एरवी वर्षभर काही होत नाही, आणि उधाणाच्या भरतीला तिथूनच बांध फुटतो. तेव्हा खारे पाणी ज्याने बीळ बुजवले नाही त्याच्या शेतात शिरून थांबत नाही, ते शेजाऱ्याच्या भातातही जाते. म्हणून बांध पाहायचा तो आपल्या हद्दीपुरता नव्हे. तिथे ‘परका’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. पाण्याला सातबारा वाचता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीचेही तसेच आहे. ब्रेक फेल झालेली मॅटाडोर कोणाच्या अंगावर जाईल हे खरेदीखतात लिहिलेले नसते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला मिलिंदाच्या रथाने सुचवली. मिलिंद हा यवन राजा नागसेन भिक्षूकडे रथात बसून गेला. नागसेनाने विचारले, राजा, तुझा रथ म्हणजे नेमके काय? दांडी? आस? चाके? जू? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणतो. मग रथ कुठे आहे? तो या सर्व भागांच्या आधाराने चालणारा एक शब्द आहे, इथवर राजाला यावे लागते. मालकांच्या मॅटाडोरला हा प्रश्न अगदी लागू पडतो. चाके बदलली, एंजिनाची पोटे कापून नवी बसवली, दारे कुर्ल्याची, अर्धी जमीन नव्या पत्र्याची. ‘मूळ गाडी’ कोणती? सरकारलाही हे कोडे पडलेले दिसते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर सांगाडा, बॉडी आणि एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. मालकांची गाडी तिथवर पोचली तरी या कसोटीला उतरणार नाही. नागसेनाचे म्हणणे मान्य केले तर गाडी म्हणजे पत्रा नव्हे, कुठला भाग कशाला जोडला आहे ती मांडणी. आणि जुन्या गाडीची मांडणी तिच्यावर हात फिरवणाऱ्यालाच ठाऊक असते. ते ठाऊकपण स्वतःजवळ ठेवून गाडी विकली, तर घेणाऱ्याच्या हाती पडतो तो केवळ ‘मॅटाडोर’ हा शब्द. त्याने पैसे मात्र रथाचे दिलेले असतात.

मालकांनी हे काही वाचलेले नाही. त्यांच्याजवळ एक वही आहे, शाळकरी दोनशे पानी, कव्हराला ग्रीसचे डाग. तीत तारीखवार नोंदी: तेल केव्हा बदलले, कोणता भाग कुठून आणला, उजवीकडची पायरी किती इंच कापली. मागून उलटी धरली की दुसरा भाग सुरू होतो, त्याला मथळा ‘राहिलेले’. पुढच्या बाजूच्या नोंदी दाखवायला कोणालाही आवडेल. गिऱ्हाईक आले की मालक वही उलटी करून देतात. त्यांच्या पत्नीला हे पटत नाही. ‘विचारलं तर सांगा की, न विचारता कशाला?’ असे त्या म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात १८७२ चा कायदा जवळजवळ शब्दशः आहे. मालक म्हणतात, ‘त्याला विचारायचं काय हे तरी कुठे ठाऊक आहे?’

आतापर्यंत दोन गिऱ्हाइके येऊन गेली. पहिल्याने वही वाचून निम्मा भाव सांगितला. दुसरा नव्याने लग्न झालेला मुलगा होता, बायकोला घेऊन कोकणभर फिरायचे म्हणत होता. त्याला गाडी फार आवडली, वही वाचून तो बराच वेळ खाली बसून पायरी पाहत राहिला, आणि ‘कळवतो’ म्हणून गेला. अजून कळवलेले नाही. पावसाळा संपल्यावर मालकांनी जाजम उचलून गाडी वाळवली. ‘राहिलेले’ या भागात एक ओळ वाढली आहे: डावी पायरी, मागच्या चाकाजवळ, रंगाला फोड, टोचून पाहिले, मऊ.